दिवा लावून धुतलेले रोल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले व्यापारी मंडळाचे पदाधिकारी, आमच्या धंद्यातले ज्येष्ठ आणि आमच्या धंद्यातले स्पर्धक (दोघे एकाच रांगेत बसलेत म्हणून एका दमात उल्लेख करतो), आजचे सत्कारमूर्ती आमचे मामा, पहिल्या रांगेत बसलेल्या मामी, त्यांच्या शेजारी त्यांची कन्या, आणि चहा आहे हे कळल्यावर आवर्जून आलेल्यांसह सर्व बंधुभगिनींनो,

मामांना आत्ता आपण जे घड्याळ दिलं, त्याची किंमत पावतीवर आहे. पण मामा स्वतः मला केवढ्याला पडले, ते कुठल्याच पावतीवर नाही. म्हणून तोंडी सांगतो. दाराच्या कडीचे चार स्क्रू, एका लग्नातले बारा फोटो, माझी पाच महिन्यांची झोप आणि एक खोटं. स्क्रू मी दुसऱ्याच दिवशी बसवले. झोप आपोआप परत आली. फोटो काही परत येणार नाहीत. खोटं मात्र सव्वीस वर्षं जसंच्या तसं वापरात आहे. दहा मिनिटांपूर्वी याच माइकवरून ते एकदा वापरलं गेलं, आणि सभागृह हसलं. ज्यांनी वापरलं त्यांचा काही दोष नाही. ते येईलच पुढे.

आधी चार शब्द माझ्याविषयी. सत्कार दुसऱ्याचा असला तरी वक्ता हे सोडत नाही, आपल्याला अनुभव आहे. मी शिकलेला माणूस नाही. दुसऱ्याचा कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर वाहून मी फोटो शिकलो आणि दुकानाच्या पाटीवरची अक्षरं स्वतः रंगवली. त्यातलं एक वाकडं आहे, ते अजून तसंच आहे. भांडवल म्हणाल तर दोन कान. गल्ल्यावर बसून मला पायरीवरची कुजबुज ऐकू येते. गिऱ्हाईक बायकोला हळूच म्हणतं, "महाग सांगतोय, निघू या का?" आणि ते वळायच्या आत मी म्हणतो, "बसा हो, बोलू आपण." मी नेहमी सांगत आलोय, आजही सांगतो : माझ्या दुकानात माझ्या पाठीमागे माझ्याविषयी कोणी बोलू शकलेलं नाही. बोललं की ते माझ्या पुढ्यातच येतं.

मामा, तुमच्या हाताकडे माझं लक्ष आहे बरं का. सभागृहाला दिसत असेल, मी बोलतोय तसे मामा इथे व्यासपीठावरून हातांनी मामींना सांगताहेत. मामींना ऐकू येत नाही, जन्मापासून. माझी तक्रार एवढीच, की आत्ता मी माझ्याविषयी सात-आठ वाक्यं बोललो आणि मामांचा हात एकदाच हलला. बाकीची कुठे गेली?

असो. मामा आमच्याकडे आले तेव्हा सगळं काळं-पांढरं होतं. तरुण मंडळींसाठी सांगतो. फिल्म म्हणजे लाजाळूचं झाड. धुऊन पक्की होईपर्यंत तिला उजेड दाखवायचा नाही. फोटोच्या कागदाला लाल दिवा तरी चालतो, फिल्मला तोही नको. ठार काळोखात, आंधळ्यासारखं चाचपत, घड्याळाच्या टिकटिकीवर बारा-बारा मिनिटं ती रसायनात हलवत राहायची. काडी ओढली की गेलं लग्न. या धंद्यात डार्करूमचं दार म्हणजे देवघराचं दार. आत माणूस असताना मालकसुद्धा टकटक करून बाहेर उभा राहतो. हे मी मुद्दाम सांगतोय. लक्षात ठेवा.

मामांना मी एका शब्दावर कामाला ठेवलं. अट एकच घातली : डार्करूममध्ये बाहेरचं माणूस नको. मामा म्हणाले, "बाहेरचं कोणी नसेल, मालक." आता बघा, किती जपून बोलले! मला ते तेव्हा कळायला हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात माझे कान टवकारले. आमची डार्करूम गल्ल्याच्या पाठीमागे. पाणी सांडतं म्हणून खाली लाकडी फळ्या, त्या थेट दाराबाहेरपर्यंत. मी हातात खातेवही घेऊन तिथे उभा राहायचो. आपली सहज. फिल्मचा कागद सुटल्याची सरसर ऐकू यायची. मग पाण्याची चुळबुळ. आणि तीन मिनिटं होतात न होतात तोच, खट्! दिव्याचं बटण. मी चपापलो. तीन मिनिटांत दिवा? अजून नऊ मिनिटं काळोख हवा! खाली वाकून पाहिलं तर दाराच्या फटीत आतून फडकं कोंबलेलं. फडक्याच्या कडेने पिवळा उजेड. लाल नव्हे हो, पिवळा. तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात असतो तसला.

आणि संध्याकाळी रोल हजर. स्वच्छ, एकसारखे, काळ्यात काळं आणि पांढऱ्यात पांढरं. इतकं चांगलं काम मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच मला घाम फुटला. चूक असती तर समजलो असतो, माणूस नवा आहे. दिवा लावूनही चूक नाही, याचा अर्थ काय? मी निगेटिव्ह उन्हात धरली. कडेला अगदी पुसट गुलाबी झाक. मामांची बोटं बघितली, तीही गुलाबी. विचारलं, "मामा, हे काय?" म्हणाले, "रंग आहे." कसला रंग, ते नाही सांगितलं. मीही खोदून विचारलं नाही. संशयी माणसाला उत्तर नको असतं, पुरावा हवा असतो.

त्यात मामी. रोज अकराला डबा घेऊन यायच्या, खांद्याला कापडी पिशवी. मी म्हणायचो, "या वहिनी, कसं काय?" त्या गोड हसायच्या आणि उत्तर न देता सरळ आत. दार बंद. तास-दीड तास. मी दाराशी. आत दोन माणसं, आणि शब्द नाही! खोकला नाही, हसू नाही, "अहो ऐकलंत का" नाही. मी घरी गेल्यावर आमच्या सौभाग्यवतींना म्हटलं, "नवरा-बायको दीड तास एका खोलीत आणि तोंडातून ब्र नाही. काहीतरी शिजतंय."

ती म्हणाली, "लग्नाला किती वर्षं झाली त्यांच्या?"

"असतील दहा."

"मग बरोबर आहे. आपण काय बोलतो?"

म्हटलं, "अगं, पण पिशवी!"

"पिशवीचं काय?"

"येताना फुगलेली, जातानाही फुगलेली. डबा तर रिकामा होतो ना?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि भाजी चिरायला घेतली. पण माझं गणित सुटलं होतं. रस्त्यापलीकडे माझ्या जुन्या भागीदाराची लॅब होती. ते आज इथे आहेत, तिसऱ्या खुर्चीवर, नमस्कार. त्यांच्याकडे तेव्हा फिल्म धुण्याची नवी टाकी आली होती. म्हणजे आमचे रोल पिशवीतून पलीकडे जातात, तिथे धुतले जातात आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतूनच परत येतात. मामा आत दिवा लावून आरामात बसतात. बोलायचं काय, चोरी करताना कोण बोलतं? आमच्या दुकानात सगळे त्यांना मामा म्हणायचे, आणि मी म्हणायचो, हा माणूस मला बनवतोय.

माजी भागीदार, अशी मान हलवू नका. तुम्ही तसं केलं नव्हतं हे आता मला माहीत आहे. पण तुम्ही करू शकला असता, एवढं तर मान्य कराल?

पाच महिने मी गप्प राहिलो. आणि मग एक लग्न आलं. कापड दुकानदाराच्या मुलाचं लग्न. तीन रोल, रोलमागे बारा, एकूण छत्तीस फोटो. दोन रोलमध्ये बँडवाले, वऱ्हाड, पंगत. मधल्या रोलमध्ये घरची माणसं. नवरदेवाचे वडील आजारी होते. खुर्चीतून उठत नसत. पण त्या दिवशी ते मुलाच्या खांद्याला धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "घे लवकर, फार वेळ जमायचं नाही." मी घेतला. मीच घेतला तो फोटो.

अध्यक्ष महोदय, आपण हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवलात. आवाज आला मला. होय, तेच लग्न. मघाशी आपण हसत हसत म्हणालात, की मामांच्या हातून सव्वीस वर्षांत एकच रोल खराब झाला आणि तो नेमका माझ्या लग्नाचा. आपल्याला तसंच सांगितलं गेलं होतं. सांगणारा मी.

मामा, हात खाली घ्या. ही खूण मला कळते. आज थांबणार नाही मी.

आदल्या संध्याकाळी मी डार्करूमच्या कडीचे चारही स्क्रू अर्धे सैल करून ठेवले. धक्का दिला की दार उघडावं. डोक्यात हिशेब असा, की रोलची अदलाबदल होत असेल तर ती पहिल्या तीन मिनिटांत, बटण वाजायच्या आधी. काळोखात. तेव्हाच पकडायचं. मामी आल्या, दार लागलं, कागदाची सरसर झाली. आता मला सांगा, कागदाची सरसर कानांनी ऐकली, म्हणजे आत फिल्म उघडी आहे, हे धंद्यातल्या कुणालाही कळेल की नाही? मी तर फोटोग्राफर! पण माझी इतकी पक्की खात्री झाली होती की आत रोल नाहीच, की स्वतःच्या कानावरही मी विश्वास ठेवला नाही. म्हटलं, हेही नाटक. खांदा दिला आणि आत शिरलो. वर हातात टॉर्च!

दुकानातला सगळा उजेड माझ्या पाठोपाठ आत आला.

आत काय होतं? फिल्म होती. मामांनी दोन टोकांना धरलेली, पाळण्यासारखी लोंबती, खाली तांबड्या पाण्याच्या थाळीला नुकती टेकत होती. मामी शेजारी. पिशवी खुंटीला, तिच्यातून विणकामाच्या सुया डोकावत होत्या. कोणी ओरडलं नाही. मामींनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे, आणि त्यांचे हात सुरू झाले. भराभरा, कपाळाला आठ्या, बोटं अशी नि तशी. मामांनी फिल्म थाळीत सोडून दिली आणि ओल्या तांबड्या हातांनी उत्तर दिलं. मी टॉर्च धरून उभा. दोन माणसं माझ्यासमोर कडाडून बोलत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

मग मामा म्हणाले, "मालक, आत या किंवा बाहेर जा. दार लावायचंय. दोन रोल राहिलेत." मी आत गेलो. त्यांनी मला पालथ्या खोक्यावर बसवलं. पुन्हा काळोख, सरसर, चुळबुळ. मामा मोजत होते. आणि खट्. पिवळा दिवा. मी डोळेच मिटून घेतले हो! मधला रोल माझ्यामुळे गेला, दुसरा यांच्या वेडापायी चालला. पण मामा म्हणाले, "बघा." साध्या दिव्याखाली, उघड्या थाळीत, फिल्म हळूहळू काळी पडत होती आणि तिच्यावर बँडवाले उमटत होते. उलटे, भुतासारखे, पण एकेक बटण मोजून घ्या. मामी फिल्मवर वाकून बघत होत्या. मामा हलवत होते. मामींनी एक बोट वर केलं, तशी मामांनी उचलली आणि पुढच्या पाण्यात टाकली. घड्याळ नाही, टिकटिक नाही. मामींची नजर.

त्यातलं मर्म मामांनी सांगितलं. एका जुन्या पुस्तकात त्यांना सापडलं होतं, की एका तांबड्या रंगाच्या पाण्यात फिल्म आधी बुडवली, की तिची उजेडाची भीती जवळजवळ मरते. चित्र मरत नाही, भीती मरते. मग पुढचं काम दिव्यात करता येतं. मामींचं माहेर सूत रंगवणाऱ्यांचं. रंगाची पुडी भावाकडून आली. किती ताकद, किती वेळ, कुठला दिवा, हे दोघांनी घरी वर्षभर रोल फुकट घालवून ठरवलं. स्वतःच्या पदरचे.

मी विचारलं, "पण कशाला हा उपद्व्याप? सारं जग अंधारात धुतं!"

मामा म्हणाले, "पहिल्या नोकरीतही आम्ही दोघं होतो, मालक. ही नजरेची पक्की, मी हाताचा. पण अंधारात हिला माझे हात दिसत नाहीत, मला हिचे. मनगटावर टिचक्या मारून किती बोलणार? एका खोलीत असून दिवसभर दोघं एकटे. म्हटलं, दिवा पाहिजे."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तिथल्या मालकाला सांगितलं होतं. तो म्हणाला, बहिरं माणूस ॲसिडच्या खोलीत नको. हिला बाहेर काढलं. म्हणून तुम्हाला नाही सांगितलं."

 मी म्हटलं, "उद्यापासून वहिनींना यायला कोणाची परवानगी नको." इथवर मी बरा माणूस आहे. इथेच भाषण संपवलं असतं तर टाळ्या घेऊन बसलो असतो.

पण संध्याकाळी नवरदेव आले. आपण आलात, अध्यक्ष महोदय, हळदीच्या हातांनी. मला विचारलंत, "मधला रोल?" दुकान नवं होतं. मालकाने टॉर्च घेऊन स्वतःच्या डार्करूमचं दार फोडलं, हे गावात कळलं असतं तर माझ्याकडे कुणी पासपोर्टचा फोटोही काढला नसता. मी मामांकडे पाहिलं. मामा आधीच माझ्याकडे पाहत होते. नंतर मला कोपऱ्यात म्हणाले, "माझं नाव सांगा, मालक. फक्त हिचं येणं बंद करू नका." त्यांना वाटलं, मी सकाळचा शब्द बदलीन. सौदा करायची गरजच नव्हती. पण त्यांनी केला आणि मी घेतला. गरज नसताना घेतला. बाहेर येऊन म्हटलं, "आमच्या माणसाकडून चूक झाली." चार महिन्यांनी आपले वडील गेले. घरात त्यांचा उभा फोटो नाही, हे आपण आज इथे विनोद करून सांगितलंत. मी खाली मान घालून बसलो होतो. मामा मात्र हसत होते.

मामा, तुमचे हात थांबलेत. मघापासून थांबलेत. मामी तुम्हाला खुणावून विचारताहेत, काय म्हणतोय हा? तुम्ही सांगत नाही. म्हणजे मी दोष तुमच्यावर टाकला, हे त्यांना अजून माहीत नाही. मला वाटलंच होतं. सव्वीस वर्षं लोकांनी तुम्हाला "लग्न घालवणारे मामा" म्हणून चिडवलं, आणि मामी समजत राहिल्या की मालक पहिल्या दिवसापासून खरं बोलला.

मग मीच सांगतो. एक मिनिट, हा कागद खाली ठेवतो. यांच्या कन्येकडून गेले आठ दिवस तीन खुणा शिकलोय. घरी आरशासमोर घोकल्यात. सौभाग्यवतींना वाटलं, मला झटका आला. मामी, इकडे. रोल. खराब. मी.

परत करतो. रोल. खराब. मी.

झालं. कळलं त्यांना : रोल मी घालवला हे तर त्यांनी पाहिलंच होतं, पण चारचौघांत ते मी आज पहिल्यांदा कबूल करतोय, हे आत्ता कळलं. मामांकडे कशा बघताहेत, बघा. मामा, आता तुमचं तुम्ही निस्तरा, घरी जाऊन. अध्यक्ष महोदय, आपल्याकडे बघायचं मला धाडस होत नाही, पण बघतो. माफ करा म्हणणार नाही. तो फोटो माफीने उमटणार नाही. एवढंच मागतो, की आपण मघाशी जे या माणसाच्या नावावर सांगितलंत, ते यापुढे माझ्या नावावर सांगा. हसत सांगितलंत तरी चालेल.

उद्या रंगीत फोटोंचं मशीन येतंय. डार्करूमची फळी निघेल, तिथे खोकी राहतील. म्हणून आज हे बोलायचं होतं. सभागृहाने एवढा वेळ दिला, मंडळाने खुर्च्या दिल्या, माझ्या माजी भागीदारांनी, आता मनापासून म्हणतो, माइक दिला, या सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला असेल, कुणाला लागलं असेल, तर ते माझ्या शिक्षणाच्या खाती टाका आणि पोटात घाला.

आता जागेवर जाताना एकच. मामी मघापासून एक खूण करताहेत, ती मला शिकवलेल्या तिन्हींत नव्हती. चिमटीत कानाची पाळी धरायची आणि तो हात दुसऱ्या पंजाला लावायचा, दाराला लावल्यासारखा. दुकानात ती मला नेहमी दिसायची, म्हणून कन्येला मी कालच विचारलं, ही कुणाची खूण? ती म्हणाली, "काका, तुमची. आई-बाबा तुम्हाला तसंच म्हणतात, तुमच्याकडे लागल्यावर पहिल्या आठवड्यापासून." म्हटलं, त्यांना कसं कळायचं मी दाराशी आहे ते? ती म्हणाली, "फळी हलायची ना. आईच्या पायांना कळायचं. मग ती बाबांना सांगायची, आलाय. त्या दिवशीही तिला कळलं होतं. पण दिवा लागायचा होता, बाबांना तिचे हात दिसले नाहीत."

म्हणजे सव्वीस वर्षं त्या खोलीत माझ्याविषयी बोलणं चाललं होतं. माझ्यापासून एका दाराच्या अंतरावर. दिवा लावून.